गृहकर्जांचा पूल जुना झाला की आत कोण उरतं?

मी न्यू जर्सीत राहते आणि बरीच वर्षं गृहकर्जांच्या डेटावर काम करते. सांगलीला आईबाबांना किंवा पुण्यात भावाला माझं काम नक्की काय आहे ते सांगायला गेलं की दोन वाक्यांत गाडी अडते, कारण पहिलाच प्रश्न येतो, कर्ज एकदा दिलं की ते हळूहळू फिटत जातं, त्यात रोज बघण्यासारखं असतं तरी काय? तर त्याचंच उत्तर आज सविस्तर लिहायला बसलेय.

आधी पूल म्हणजे काय ते. अमेरिकेत तुम्ही घर घ्यायला ३० वर्षांचं कर्ज काढता, आणि ज्या बँकेने किंवा कंपनीने ते दिलं ती बहुतेक वेळा ते स्वतःकडे ठेवतच नाही. तुमच्यासारखीच शेकडो, कधी हजारो कर्जं एकत्र बांधली जातात, साधारण सारखे व्याजदर, साधारण सारखी मुदत, आणि त्या गठ्ठ्यावर जिनी मे, फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या सरकारी किंवा सरकारच्या आधाराने चालणाऱ्या संस्थांपैकी एकीची हमी लागते, म्हणजे कर्जदाराने पैसे थकवले तरी गुंतवणूकदाराला ते मिळतात. जिनी मेच्या हमीचा असा पहिला रोखा १९७० मध्ये आला. गुंतवणूकदार, म्हणजे पेन्शन फंड, विमा कंपन्या, बँका, या गठ्ठ्यातला हिस्सा विकत घेतात आणि दर महिन्याला सगळ्या घरांचे जमा झालेले हप्ते, सर्व्हिसरचं, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचं, आणि हमीचं कमिशन कापून, त्यांच्यापर्यंत पोचतात. हा गठ्ठा म्हणजे पूल. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की कर्जदाराचा दर ३० वर्षं हलत नाही, पण त्याला वाटलं तर तो उद्या सकाळी सगळं कर्ज फेडून मोकळा होऊ शकतो आणि या प्रकारच्या कर्जांवर त्यासाठी दंड जवळजवळ नसतोच. बाजारात दर खाली आले की नवीन कर्ज काढून जुनं फेडायचं, यालाच रिफायनान्स म्हणतात, वर गेले की आहे तिथेच बसून राहायचं. सगळी निवड कर्जदाराच्या हातात, आणि त्यामुळेच पूल म्हातारा होणं हा एवढा गुंतागुंतीचा विषय झालाय.

सगळ्यात सोपा भाग आधी, नुसत्या हप्त्यांनी काय होतं. आम्ही २०१२ मध्ये घर घेतलं, ३,४०,००० डॉलर कर्ज, पावणेचार टक्के, ३० वर्षं. पुढच्या उन्हाळ्यात बाबा इथे आले होते, आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा पहिला स्टेटमेंटचा कागद सापडला तो चष्मा पुसून पुसून वाचला आणि म्हणाले, "अगं, पंधराशे चौऱ्याहत्तर भरलेस आणि मुद्दल पाचशे बारानेच कमी झालं?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच तर शिकवलंत, आधी व्याज." हसले, पण कागद काही खाली ठेवला नाही, पाठच्या बाजूला पेन्सिलीने पुढचे सहा हप्ते मांडून बघितले.

आता तेच दर जास्त असताना बघा. ३,००,००० चं कर्ज ६ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण १,७९९ आणि पहिल्या महिन्यात त्यातले १,५०० व्याजात जातात, मुद्दलात फक्त २९९. दहा वर्षं इमानेइतबारे भरूनसुद्धा अजून २,५१,००० शिल्लक असतात. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला साडेअठरा वर्षं लागतात आणि मूळ रक्कम बरोबर निम्मी व्हायला २१ वर्षं. ३ टक्क्यांचं कर्ज असेल तर दहा वर्षांत २४ टक्के मुद्दल फिटलेलं असतं, ६ टक्क्यांवर त्याच काळात जेमतेम १६. म्हणजे पूलचं वय सारखं असलं तरी आतल्या व्याजदरावर तो किती "झिजलाय" ते ठरतं.

ही झीज मोजायला फॅक्टर नावाचा आकडा असतो. पूल जन्मतो तेव्हा फॅक्टर १, आणि १० कोटी डॉलरच्या पूलमध्ये अडीच कोटी शिल्लक उरले की फॅक्टर ०.२५. दर महिन्याला नवीन फॅक्टर जाहीर होतो, दशांशानंतर आठ आकडी. नुसत्या हप्त्यांनी ६ टक्क्यांच्या पूलचा फॅक्टर दहा वर्षांनी ०.८४ च्या आसपास असायला हवा, पण एखाद्या पूलचा त्याच वयात ०.१५ दिसतो, आणि मधला जो फरक आहे तो लोक निघून गेल्याचा. कुणी घर विकलं, कुणी रिफायनान्स केलं, कुणाचा घटस्फोट झाला, कुणी हप्ते थकवले म्हणून कर्ज पूलमधून बाहेर काढलं गेलं. माझं खरं काम इथे सुरू होतं, कारण किती गेले यापेक्षा कोण गेले हे बघायचं असतं.

दिवाळीच्या चिवड्याचा डबा डोळ्यासमोर आणा. डबा भरला तेव्हा त्यात पोहे, शेंगदाणे, काजू, खोबऱ्याचे काप, डाळं, सगळं नीट मिसळलेलं. घरात पोरं असतील तर चार दिवसांनी डबा निम्मा झालेला असतो, पण तो निम्मा चिवडा आधीच्या चिवड्यासारखा नसतो, काजू पहिल्या दिवशीच गेलेले, मग शेंगदाणे, मग खोबरं, आणि तळाशी पोहे आणि मिरचीचे तुकडे. डब्यावरची चिठ्ठी मात्र तीच. पूलचं अगदी असंच होतं. जन्माच्या वेळी लिहिलेली सरासरी ही चिठ्ठी, आणि दहा वर्षांनी आत काय उरलंय ते तिच्यावरून कळत नाही.

सरासरी व्याजदर घ्या, याला आमच्याकडे वॅक म्हणतात. समजा १०० सारखी कर्जं आहेत, ५० जणांचा दर ७ टक्के आणि ५० जणांचा ६, म्हणजे वॅक साडेसहा. (खऱ्या पूलमध्ये दरांत एवढं अंतर नसतं, समजायला सोपं म्हणून घेतलंय.) बाजारात दर पावणेसहावर आले. ७ वाल्यांपैकी ४० जण रिफायनान्स करून गेले, ६ वाल्यांपैकी १०, कारण पाव टक्क्यासाठी एवढी कागदपत्रं कोण करणार. उरले किती, ७ चे १० आणि ६ चे ४०, आणि नवीन वॅक ६.२. एकाही माणसाचा दर बदललेला नाही, सगळे ठरलेला हप्ताच भरतायत, तरी पूलची सरासरी खाली सरकली. हे मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात कागदावर करून दाखवते कारण एकदा हे डोक्यात बसलं की बाकी सगळं त्याच्याच ओघात येतं.

याचा पुढचा टप्पा म्हणजे बर्नआउट, माझा सगळ्यात आवडता भाग. १,००० कर्जदार घ्या, सगळ्यांचा दर सारखाच आणि बाजारातला दर त्याहून बराच कमी, म्हणजे रिफायनान्स केलं तर प्रत्येकाचा फायदाच आहे. यातले ५०० चटपटीत, दरवर्षी त्यांच्यातले निम्मे निघून जातात. उरलेले ५०० मंद, दरवर्षी दहातला एकच जातो. पहिल्या वर्षी २५० आणि ५० मिळून ३०० गेले, म्हणजे पूलचा वेग ३० टक्के. दुसऱ्या वर्षी सुरुवातीला २५० चटपटीत आणि ४५० मंद, त्यातले १२५ आणि ४५ गेले, ७०० पैकी १७०, वेग २४ टक्के. तिसऱ्या वर्षी तो १९ वर येतो. तीन वर्षांनी आत जे उरतात त्यातले दर शंभरात ८५ मंद गटातले. दर तसेच, फायदा तसाच, कुणाचाही स्वभाव बदललेला नाही, तरी पूल थंडावला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लोकांना रिफायनान्सचा कंटाळा आला, पण तसं नाहीये, ज्यांना करायचं होतं ते केव्हाच करून गेलेत.

आणि हे मंद लोक म्हणजे आळशी असं कृपा करून समजू नका, मला याचा मनापासून राग येतो. त्यातल्या कितीतरी जणांना रिफायनान्स करताच येत नाही, नोकरी गेलेली असते, क्रेडिट स्कोर पडलेला असतो, घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेलेली असते, किंवा इंग्रजीतली ऐंशी पानं वाचून सही करायची भीती वाटते. काहींचं कर्जच लहान असतं. ६,००,००० च्या कर्जावर अर्धा टक्का वाचला तर वर्षाला साधारण ३,००० डॉलर, ८०,००० वर तेच ४००, आणि रिफायनान्सचा खर्च काही हजारांत. मग लहान कर्जवाला का जाईल? म्हणून पूल जसा जुना होतो तशी आतल्या कर्जांची सरासरी रक्कम उतरत जाते. न्यूयॉर्क राज्यात कर्ज नोंदवायला वेगळा टॅक्स लागतो, तिथे रिफायनान्स महाग पडतं, त्यामुळे दर उतरल्यावर बाकीच्या राज्यांतले लोक पटापट जातात आणि पूलमध्ये न्यूयॉर्कचा टक्का आपोआप वाढतो.

आता उलट बाजू, कोवळा पूल. घर घेऊन दोन-चार महिनेच झालेत, सामानाची खोकी अजून गॅरेजमध्ये पडलीयत, असा माणूस लगेच घर विकत नाही. म्हणून सुरुवातीला पूलमधून गळती कमी असते आणि मग महिन्यामहिन्याला ती वाढत जाते, यालाच सीझनिंग म्हणतात, लोणचं मुरावं तसं. १९८५ मध्ये पब्लिक सिक्युरिटीज असोसिएशनने यासाठी एक साधी पट्टी ठरवली, तिला पीएसए म्हणतात: पहिल्या महिन्यात उरलेल्या कर्जातली गळती वार्षिक ०.२ टक्के, दर महिन्याला ०.२ ने वाढ, तिसाव्या महिन्यात ६ टक्के आणि मग शेवटपर्यंत ६. वार्षिक ६ टक्के म्हणजे महिन्याला साधारण ०.५१. ही पट्टी म्हणजे मोजायची फूटपट्टी आहे, भविष्य नाही, खरा पूल कधीच अशा सरळ रेषेत चालत नाही, उन्हाळ्यात शाळा संपल्या की घरं विकली जातात तेव्हा वेग चढतो, जानेवारी-फेब्रुवारीत बर्फात पडतो, आणि दर कोसळले तर सहा महिन्यांच्या पूलमधूनही लोक सुसाट पळतात. माजी सैनिकांच्या कर्जांत हे इतकं झालं होतं, काही कर्ज देणारे त्यांना सारखं सारखं रिफायनान्स करायला लावायचे, की २०१८ मध्ये कायदाच आला, सहा हप्ते आणि २१० दिवस झाल्याशिवाय ते रिफायनान्स जिनी मेच्या पूलमध्ये चालणार नाही.

वय मोजायलाही दोन आकडे असतात, वॅला म्हणजे कर्जांचं सरासरी वय महिन्यांत आणि वॅम म्हणजे उरलेली सरासरी मुदत. दोन्हींची बेरीज ३६० यायला हवी असं वाटतं ना? जुन्या पूलमध्ये येत नाही. वय १२० महिने आणि मुदत २३२, बेरीज ३५२, असं दिसलं की समजायचं की आतले लोक हप्त्यापेक्षा थोडं थोडं जास्त भरतायत. इथे जास्तीचे पैसे भरले तर हप्ता कमी होत नाही, कर्ज लवकर संपतं, आणि ते हरवलेले आठ महिने म्हणजे कुणाचा बोनस, कुणाचा टॅक्स रिफंड. कर्ज वीस-पंचवीस वर्षांचं झालं की हे प्रमाण बरंच वाढतं, निवृत्तीच्या आधी घर मोकळं करायचं असतं लोकांना. मला ते आठ महिने बघितले की उगाच बरं वाटतं.

थकबाकीचं वय वेगळ्या चालीने चालतं. कर्ज नवीन असतं तेव्हा पगार, नोकरी सगळं नुकतंच तपासलेलं असतं म्हणून सुरुवातीला बुडणारे कमी, मग तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या आसपास प्रमाण वर चढतं, कारण आयुष्यात तोवर काहीतरी घडतं आणि घरात साठलेला स्वतःचा पैसा अजून थोडाच असतो, आणि त्यानंतर उतरतं. यासाठीही पीएसएसारखीच एक पट्टी आहे, ती तिसाव्या महिन्यापर्यंत चढते, साठाव्यापर्यंत सपाट राहते आणि १२० व्या महिन्यापर्यंत उतरत जाते. इथे दोन उलटे प्रवाह एकाच पूलमध्ये वाहतात. चांगल्या स्कोरवाले आधी रिफायनान्स करून जातात म्हणून उरलेल्यांची पत सरासरीने कमकुवत, पण त्याच वेळी जे उरलेत त्यांचं कर्ज फिटत आलंय आणि घराची किंमत वाढलीय म्हणून घर गमावण्यापेक्षा विकून मोकळं होणं त्यांना सोपं. कुठला प्रवाह जिंकेल ते घरांच्या किमती ठरवतात. २००६ आणि २००७ च्या कर्जांत किमतीच कोसळल्या, वय वाढलं पण घरातला वाटा वाढण्याऐवजी नाहीसा झाला, आणि मुरण्याचा तो फायदा मिळालाच नाही.

एक सावधगिरी सांगून ठेवते. पूलच्या माहितीत दिसणारा क्रेडिट स्कोर साधारणपणे कर्ज देतानाचा असतो, आजचा नाही. तो सरासरी ७४५ वरून ७२५ वर आला तर कुणाचा स्कोर पडला असा त्याचा अर्थ नाही, ७८० वाले निघून गेले एवढाच. घराच्या किमतीचंही तसंच, कागदावर ८० टक्के कर्ज दिसतं पण दहा वर्षांत किमती वाढल्या असतील तर खरं प्रमाण ४० सुद्धा असू शकतं.

हे सगळं गुंतवणूकदाराला का हवं असतं? कारण जास्त व्याजाचा रोखा त्याने १०० ला नाही तर १०४ ला घेतलेला असतो. कर्ज पुढच्याच महिन्यात फिटलं तर हातात १०० येतात, ४ पाण्यात. हमीच्या पूलमध्ये कर्जदार बुडाला तरी पैसे १०० च्या भावाने परत येतात, म्हणजे त्याच्या दृष्टीने बुडणं आणि लवकर फेडणं सारखंच. म्हणून अशा वेळी त्याला तळाचे पोहे उरलेला, दोनतीन रिफायनान्सच्या लाटा झेललेला पूल हवाहवासा वाटतो, तो टिकतो.

आता ज्या पूल्सनी आमच्या सगळ्या पट्ट्या वाकवल्या त्यांच्याबद्दल. फ्रेडी मॅकच्या साप्ताहिक सर्व्हेमध्ये ३० वर्षांचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, हा सर्व्हे १९७१ पासून चालू आहे आणि त्यातला हा सगळ्यात खालचा आकडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ झाला. आम्हीपण २०२१ च्या सुरुवातीला पावणेचारचं कर्ज फेडून २.८७५ चं घेतलं, म्हणजे २०१२ च्या कुठल्यातरी पूलमधून जाणारा एक काजू मी होते. आता आम्ही हलत नाही. आमच्यासारखे लाखो लोक हलत नाहीत, मोठं घर हवं असलं तरी, कारण घर विकलं की हे स्वस्त कर्ज फेडावंच लागतं. (जिनी मेच्या पूलमधली बरीच कर्जं नवीन मालकाला तशीच घेता येतात, पण आमचं तसलं नाही.) त्यामुळे २०२० आणि २०२१ च्या पूल्सचं वय वाढतंय पण आतली माणसं जवळजवळ तीच आहेत, चाळणच लागलेली नाही. ज्यांनी हे रोखे पाच-सात वर्षांत पैसे परत येतील असं धरून घेतले होते त्यांचे पैसे अडकले आणि दर चढल्यामुळे रोख्यांची किंमतही पडली. मार्च २०२३ मध्ये बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे अशा मॉर्गेज रोख्यांचा मोठा साठा होता.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे असं नाही ना गं होत?" बरोबर आहे त्याचं, भारतात बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग, दर चढला की बँक बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते, म्हणजे तिथे कर्ज चार वर्षं जुनं होऊनही उरलेली मुदत मुळापेक्षा जास्त दिसू शकते. पण चाळण तिथेही लागतेच, बॅलन्स ट्रान्सफर करून जाणारे चांगल्या पगाराचे आणि स्वच्छ रेकॉर्डचे असतात, जुन्या बँकेकडे बाकीचे उरतात.

गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारचं कुटुंब टेक्ससला गेलं, नोकरीच तिकडची मिळाली, दुसरा इलाज नव्हता. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात उभं राहून तो बिचारा सारखं एकच म्हणत होता की पावणेतीनचं कर्ज सोडून जातोय. पुढच्या महिन्यात कुठल्यातरी पूलचा फॅक्टर त्याच्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दशांशात कुठेतरी हलला असेल. त्या घरात आता एक तरुण जोडपं आलंय, कर्ज पावणेसात टक्क्यांनी, रक्कम मोठी, स्कोर उत्तम. ज्या दिवशी दर साडेपाचवर येतील त्या दिवशी त्यांच्या पूलमधून पहिले तेच निघतील.